आत येणारे निरोप

“आई, तू मला दोन-दोन दिसतेस.”

वैजू स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती. माझं लक्ष तव्यावरच्या घावनाकडे होतं. मागे न बघताच मी म्हटलं, “मग दोघींना नमस्कार कर आणि तोंड धुऊन ये.”

रविवार होता. उजाडल्यापासून तिच्या पोटात दुखत होतं, एकदा उलटीही झाली होती. आदल्या दिवशी शेजारच्या घरी आम्ही दोघी गौरीच्या ओवशाच्या जेवणाला गेलो होतो. तिथलंच काहीतरी बाधलं असणार, असं धरून मी तिला ओवा चावायला दिला होता. माझ्याही पोटात मुरडा येत होता, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली होती.

“खरंच गं आई. दोन तवे, दोन तू.”

तिचा आवाज नाकातून आल्यासारखा लागला म्हणून मी वळले. तिनं हनुवटी वर केली होती आणि अर्ध्या मिटलेल्या पापण्यांच्या खालून ती माझ्याकडे बघत होती.

“डोळे नीट उघड बघू.”

“उघडलेत की.”

मी गॅस बंद केला. तिला पाणी प्यायला दिलं. ते तिला गिळता आलं नाही. नाकातून परत आलं आणि फ्रॉकवर सांडलं. आपल्याला काय झालंय हे तिला कळेना. ती हसल्यासारखं करायला गेली, तर ओठाची एकच बाजू हलली.

कुसवलीतल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होते. माझा नवरा अरविंद एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. स्टँड आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्याच्या कर्ण्यातल्या आवाजावर मी घड्याळ न बघता कामं उरकायची. त्या सकाळीसुद्धा तो कुठल्याशा गाडीची घोषणा करत होता आणि मी दारात उभी राहून शेजारणीला ओरडून सांगत होते, ह्यांना बोलावून आणा, लगेच.

अरविंदच्या आधी त्याचे थोरले भाऊ आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. पलीकडच्या आळीत राहायचे, वयानं बरेच मोठे. अरविंदला त्यांनीच वाढवलेलं. ते घरात शिरले, वैजूकडे बघितलं आणि सरळ आतल्या खोलीत गेले. उकाडा म्हणून आम्ही दोघी रात्री जमिनीवर गोधडी टाकून झोपलो होतो. ती अजून तशीच पसरलेली होती. अण्णांनी काठीनं तिची एक कड उचलली.

मण्यार होती. काळी, तुकतुकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे. गोधडीच्या घडीत निवांत वेटोळं करून बसली होती. अण्णांनी तिला तिथेच ठेचली.

“चावली असती तर कळलं असतं ना?” मी म्हटलं. “रक्त आलं असतं, सूज आली असती…”

“हिचं काही कळत नाही,” अण्णा म्हणाले.

मी वैजूला उजेडात घेतलं. केस वर केले. कानामागे, जिथे मी तिला रोज तेल लावायची, तिथे टाचणीनं टोचल्यासारखे दोन ठिपके होते. डास चावला तर याहून मोठी गांध येते.

“अण्णा,” मी म्हटलं, आणि त्यांच्याकडे बघितलं. समोर दोन अण्णा उभे होते.

गावात सरकारी दवाखाना होता. डॉक्टर त्या दिवशी बाहेरगावी गेले होते, मांजरेकर सिस्टर होत्या. बुटक्या, जाड चष्म्याच्या, बोलण्यात चढेल वाटाव्यात अशा. पण त्या दिवशी त्यांनी एक क्षण वाया घालवला नाही. सापाच्या विषावरचं जे औषध होतं ते दोघींना सलाइनमधून लावलं आणि अरविंदला म्हणाल्या, “हे औषध अंगात फिरणाऱ्या विषाला धरतं. जे आधीच जाऊन बसलंय त्याला काही करत नाही. यांचा श्वास थांबणार. त्याआधी जिल्ह्याला मशीनवर पोचायला हवं.”

“थांबणार म्हणजे?” अरविंदनं विचारलं. गणवेशातच होता तो, खिशाला शिट्टी.

“थांबला तर आपण द्यायचा. पोचेपर्यंत.”

त्यांच्याकडे श्वास द्यायचा रबरी फुगा एकच होता. तोंडावर मुखवटा दाबून धरायचा आणि फुगा पिळायचा. त्याचा मुखवटा मोठ्या माणसाच्या मापाचा. वैजूच्या चेहऱ्यावर त्यांनी तो लावून बघितला. गालाच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटत होती.

“हा हिच्यासाठी ठेवते,” माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. “मुलीला तुम्ही तोंडानं द्यायचा. लहान मुलांना देता येतो. या, शिकवते.”

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी बाकड्यावर भिंतीला टेकून बसले होते. ‘तिला द्या, फुगा तिला द्या’ असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलंही. तोंडातून नुसती लाळ गळली. सिस्टरनी ती पदरानं पुसली आणि मला आडवं केलं.

दहावीच्या वर्गात दरवर्षी मी फळ्यावर चेतापेशी काढायची. रंगीत खडूंनी, अर्धा फळा भरून. आधी पेशीकाय, त्याला फुटलेल्या वृक्षिका, झाडाच्या डहाळ्यांसारख्या. मग एकीकडे गेलेला लांबलचक अक्षतंतू आणि त्याच्या टोकाला बारीक बारीक घुंड्या. मुलांना मी सांगायची, की निरोप इथून निघतो, या तंतूवरून धावत जातो आणि टोकाला जाऊन थांबतो. कारण घुंडी आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. मध्ये फट असते. खाडीच असते म्हणा ना. पलीकडे जायला होडी लागते. घुंडीत रसायनाच्या पिशव्या असतात, त्या फुटतात, रसायन पलीकडे पोचतं, तेव्हा कुठे आपलं बोट हलतं. मुलं बोटं हलवून बघायची आणि खिदळायची.

मण्यारीचं विष त्या घुंड्यांवर जाऊन बसतं. तिथल्या पिशव्या रिकाम्या करून टाकतं. बाकी कशालाही हात लावत नाही. मेंदू शाबूत, तंतू शाबूत. निरोप निघतो, काठापर्यंत येतो आणि तिथेच राहतो.

हे तेव्हा मला एवढ्या तपशिलात माहीत नव्हतं. नंतर मिळेल तिथून मिळवून वाचलं. पण ट्रॅक्सच्या मागच्या भागात गादीवर झोपवलं तेव्हा माझं मी ओळखलं होतं, की मी पाय उचलतेय आणि पाय उचलला जात नाहीये. म्हणजे कुठंतरी मध्येच तुटलंय.

गाडी गावातल्याच इकबालची होती. त्यानं मागच्या सीटा काढून टाकल्या होत्या. मी आणि वैजू शेजारी शेजारी. माझ्या डोक्याशी सिस्टर, तिच्या डोक्याशी अरविंद, दोघींच्या पायांशी अण्णा. माझ्या पापण्या तेव्हा पूर्ण मिटल्या होत्या, त्यामुळे यातलं मी काहीच बघितलेलं नाही. जे सांगतेय ते ऐकलेलं आहे, आणि अंगाला कळलेलं.

कारण कळत सगळं होतं. चेतापेशी सगळ्या एकाच कामाच्या नसतात, हेही मी मुलांना घोकायला लावायची. प्रेरक पेशी आतून बाहेर निरोप नेतात. संवेदी पेशी बाहेरून आत आणतात. माझे बाहेर जाणारे निरोप बंद झाले होते. आत येणारे सगळे येत होते. डिझेलचा वास येत होता. गादीतली एक गाठ पाठीला रुतत होती. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा. माझ्या गालावर माशी बसली, चालत ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आली, तो स्पर्श अजून मला आठवतो.

मग माझा श्वास थांबला. तो आपण घेतच नाही आहोत, असं एका क्षणी कळलं. छाती जागच्या जागी राहिली. मी आतून किंचाळले. मुखवटा तोंडावर दाबला गेला, फुगा पिळला गेला आणि कुणी दुसऱ्यानं घेतलेला श्वास माझ्या आत शिरला.

“धरली गं बाई, धरली तुला,” सिस्टर म्हणाल्या.

वैजूचा त्याआधीच थांबला होता. अरविंद तिच्या तोंडात हवा भरत होता. त्याचं नाकानं ओढून श्वास घेणं मला ऐकू येत होतं, मग ओठ टेकल्याचा आवाज, मग तिच्या छातीतून हवा परत येताना होणारी बारीकशी घरघर, मध्येच त्याचं तिच्याशी हलकं पुटपुटणं.

“छाती वर येतेय का बघा,” सिस्टर म्हणत होत्या. “पोट नाही, छाती. नाक सोडू नका. घाई करू नका.”

वैजूचा डावा हात माझ्या उजव्या हातावर पडला होता. झोपवताना कुणीतरी ठेवला असेल, नाहीतर गाडीच्या हिसक्यानं आला असेल. मनगटावर मनगट. तिची नाडी मला माझ्या कातडीवर लागत होती. पाखराच्या छातीसारखी धडधडत होती. मी बाकीचं सगळं सोडून दिलं आणि तेवढीच धरून राहिले.

घाट सुरू झाला. घाटात दरड येऊन अर्धा रस्ता अडला होता. गाडी थांबत होती, मागे सरकत होती, परत पुढे. इकबाल हॉर्न वाजवत होता. बाहेरचे लोक वाकून आत बघत होते, कुणीतरी “अरे देवा” म्हणालं. अरविंदच्या श्वासाचा आवाज बदलला. तो आता दमलेल्या बैलासारखा धापत होता. मध्येच त्याचं डोकं काचेवर आपटलं.

“चक्कर येतेय मला,” तो म्हणाला.

“अण्णा, तुम्ही घ्या जरा,” सिस्टर म्हणाल्या.

“मला नाही जमायचं ते,” अण्णा म्हणाले. त्यांना दमा होता. तरी त्यांनी प्रयत्न केला असावा. दोन-तीन वेळा वेगळाच, विडीचा वास आला, मग खोकल्याची उबळ. अरविंदनं त्यांना बाजूला केलं आणि परत सुरू केलं.

त्यानंतर कितीतरी वेळ गेला. किती, ते मला सांगता येणार नाही. मग अण्णांचा आवाज आला. अगदी हळू.

“अरविंद.”

पुढचा श्वास दिल्याचा आवाज आला.

“अरे, हिचे डोळे बघ एकदा.”

“काय झालं डोळ्यांना?”

“तूच बघ.”

तो थांबला. पापणी वर केली असणार.

“सिस्टर, बॅटरी आहे का?” अण्णांनी विचारलं. बॅटरीचं बटण वाजल्याचं मी ऐकलं.

“बाहुल्या मोठ्या झाल्यात,” सिस्टर म्हणाल्या. “उजेडानं हलत नाहीत.” मग त्यांनी एका हातानं फुगा पिळता पिळताच दुसरा हात लांबवला असावा, कारण वैजूचा हात माझ्या हातावर किंचित हलला. “नाडी मला लागत नाही. गाडी एवढी हलतेय… मला नक्की सांगता येत नाही.”

मला लागत होती. माझ्या मनगटावर, जिथे कुणाचं बोट नव्हतं तिथे, ती स्पष्ट लागत होती. माझ्याही बाहुल्या तशाच असतील, माझ्या डोळ्यात बॅटरी टाका आणि बघा, असं मी म्हणत होते. मी जिवंत आहे ना, मग तीही आहे. मी सगळी ताकद एका बोटात गोळा केली. करंगळीत. एवढंसं हलव, एवढंसं. निरोप गेला. तो गेल्याचं मला कळलं. करंगळी गादीवर तशीच पडून राहिली.

“गेली रे पोर,” अण्णा म्हणाले. त्यांना रडू फुटलं होतं. “सोड आता. तिचे हाल नको करूस. सोड बाबा.”

अरविंदनं आणखी एकदा श्वास दिला. आणखी एकदा. मग दिला नाही.

सिस्टर फुगा पिळत राहिल्या. आपण तिला दिला असता तर, असा विचार त्यांच्या मनात तेव्हा आला असेल का, मला ठाऊक नाही. पुढे त्या मला अनेकदा भेटल्या, पण तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

वैजूची नाडी चालू होती. बराच वेळ चालू होती. आधी वेगात, मग फार वेगात, मग अडखळत. मध्ये इतकी थांबायची की मला वाटायचं आता संपली. मग परत एक ठोका यायचा. शेजारी माझ्या फुफ्फुसात ठरल्या लयीत हवा येत होती. ती मला नको होती आणि नाकारताही येत नव्हती. नाडी थांबली तेव्हा गाडी घाट उतरून सपाटीला लागली होती, चाकांचा आवाज सरळ झाला होता. तिचा हात त्यानंतरही माझ्या हातावरच होता. तिचं अंग कोमट होतं.

जिल्ह्याच्या इस्पितळात मला मशीनवर ठेवलं. विषानं निकामी केलेल्या घुंड्या पुन्हा नव्यानं फुटाव्या लागतात, आणि त्या आपल्या वेळेनं फुटतात. तोवर मी पडून होते आणि ऐकत होते. भेटायला येणाऱ्यांना अरविंद व्हरांड्यात सांगायचा. दर वेळी तेच, जवळजवळ त्याच शब्दांत.

“वाटेतच गेली. मी श्वास देत होतो, पण ती आधीच गेली होती. तिला काही कळलं नाही, एवढंच बरं.”

“आणि वहिनींना?”

“तिला अजून शुद्धच नाही.”

एका सकाळी माझी भुवई हलली. तिथल्या नर्सनं आरडाओरडा करून सगळ्यांना गोळा केलं. मग पापणी, मग ओठ, मग करंगळी. सगळं माझं मला परत मिळालं. नळी काढली त्या दिवशी अरविंद माझ्या खाटेशी येऊन बसला. त्याचा खालचा ओठ आतून फाटला होता, त्यावर खपली धरली होती. बोलताना ती ताणली जायची.

त्यानं मला वैजूचं सांगितलं. किती जुळवाजुळव करून आला होता. मला धक्का बसू नये म्हणून आधी माझ्या तब्येतीबद्दल बोलला, मग इकबालच्या गाडीबद्दल, मग घाटातल्या दरडीबद्दल. मी रडले. ते खोटं नव्हतं. हालचाल आल्यावर पहिल्यांदाच रडत होते.

“तुला काही कळत होतं का गं?” त्यानं विचारलं. “गाडीत?”

मी त्याच्या ओठाकडे बघत होते.

“नाही,” मी म्हटलं. “झोप लागल्यासारखं झालं. पुढचं काहीच आठवत नाही.”

त्याच्या खांद्यांचा ताण गेलेला मला दिसला. “तेच बरं झालं,” तो म्हणाला. “मग तिलाही झोपच लागली असेल.”

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर आम्ही जगलो. दुसरं मूल आम्ही होऊ दिलं नाही. अरविंदनं स्टँडवरचा कर्णा सोडून आगारातलं आतलं काम मागून घेतलं. मी दहावीला शिकवत राहिले. तो धडा आला की खडू घ्यायची, पेशीकाय काढायची, वृक्षिका काढायची. प्रेरक आणि संवेदी असे दोन बाण काढायची वेळ आली की एखाद्या हुशार मुलीला पुढे बोलावून तिच्याकडून काढून घ्यायची. अण्णा गेले. जाईपर्यंत दर वर्षी त्या दिवशी यायचे, ओटीवर बसून चहा घ्यायचे आणि म्हणायचे, “पोर सुटली, हाल झाले नाहीत तिचे.” मी त्यांना चहा द्यायची.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर एकदा शाळेनं आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं. सर्पदंशावर व्याख्यान होतं. शहरातून एक डॉक्टर आले होते, तरुण, उत्साही. हायस्कूलच्या सभागृहात गाव लोटलं होतं. जुन्या शिक्षिका म्हणून मला आणि माझ्याबरोबर अरविंदला पहिल्या रांगेत बसवलं. विषय काय आहे ते मी आधीच विचारून घेतलं होतं. अरविंदला म्हटलं होतं, ऊन फार आहे, जायला नको. तो म्हणाला, लोकांना कळलं पाहिजे, आपण नाही तर कोण जाणार.

डॉक्टरांनी पडद्यावर नाग दाखवला, घोणस दाखवली, मग मण्यार दाखवली. म्हणाले, “मण्यारीचा रोगी फसवतो. पूर्ण लुळा पडतो. श्वास बंद, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, बॅटरी मारली तरी हलत नाहीत. नातेवाईक समजतात, संपलं. पण मेंदू व्यवस्थित चालू असतो. त्याला सगळं ऐकू येतं. स्पर्श कळतो. बाहेरून तुम्ही श्वास देत राहिलात तर असा माणूस उठून घरी चालत जातो. म्हणून काय वाट्टेल ते झालं तरी श्वास देणं थांबवायचं नाही. लक्षात ठेवाल?”

“हो,” असं मुलं एका सुरात म्हणाली.

मी समोर बघत होते. अरविंदकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्यानंही वाजवल्या. हार-तुरे झाले, चहा झाला. तो डॉक्टरांशी दोन शब्द बोलला, आभार मानले. आम्ही चालत घरी आलो. तो पुढे, मी थोडी मागे.

ओटीवर आल्यावर तो चपला न काढताच बसला. डोळे अंगणावर होते.

“बाहुल्या मोठ्या होतात म्हणाले.”

“हं.”

“आणि माणूस आत जागा असतो.”

“प्रत्येकाचं सारखं नसतं हो,” मी म्हटलं. “त्यांनी पुस्तकातलं सांगितलं. मला कुठे काही कळत होतं? मला झोप लागली होती.”

“तुला कळत नव्हतं.”

“नाही.”

“मग तिलाही कळलं नसेल.”

“नसणारच.”

एवढ्यावर तो थांबला असता. पाणी आणावं म्हणून मी आत वळले होते. तेवढ्यात तो म्हणाला, “पण जिवंत असेल, प्रमिला. मी थांबलो तेव्हा. कळत नसलं, तरी जिवंत असेल.”

त्याचा आवाज मला सहन झाला नाही. मी परत फिरले, त्याच्यासमोर खाली बसले, त्याचे गुडघे धरले आणि म्हटलं, “नव्हती हो. शपथेवर सांगते. तुम्ही थांबायच्या आधीच गेली होती. तिचं मनगट माझ्या मनगटावर होतं. नाडी आधीच बंद झाली होती, तुम्ही श्वास देत होतात तेव्हाच, मला…”

मी बोलायची थांबले.

तो माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे इतकं नीट कधी बघितलं नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून शाळेतून परतणारी माणसं चालली होती. कुणीतरी त्याला हात केला, त्यानंही हात वर केला आणि परत माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे तू जागी होतीस,” तो म्हणाला.

मी मान खाली घातली.

“सगळं ऐकत होतीस.”

“हो.”

“अण्णा म्हणाले तेही.”

“हो.”

पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. नाडी खरंच बंद झाली होती का, असं तो विचारणार आणि मला पुन्हा खोटं बोलावं लागणार. या वेळी ते चालणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यानं ते विचारलं नाही. तो म्हणाला, “दोन श्वासांच्या मध्ये मी तिच्याशी बोलत होतो. ऐकलंस?”

“ऐकलं.”

“काय म्हणत होतो मी? मला आता आठवत नाही.”

“‘बाबा आहे’ म्हणत होतात. ‘घाबरू नको, बाबा आहे.’”

त्यानं मान डोलवली. पुन्हा डोलवली.

“आणि थांबल्यावर?”

मी त्याच्याकडे बघितलं. काहीतरी रचून सांगता आलं असतं. त्या माणसाला खरंच बरं वाटेल असं एखादं वाक्य मला सुचलंही होतं.

“थांबल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत,” मी म्हटलं.